म्हातारा ‘खोटं’ म्हणेना

आमच्या घरातल्या, भरतकामाचा झगा घातलेल्या क्रुसाची शपथ, माझ्या मेलेल्या आईची शपथ, आणि ज्या झोळीत मी बाळंत झाले आणि अजून झोपते त्या झोळीचीही शपथ. शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. मला ओळखणारे आत्ताच हसायला लागले असतील. हसा. तेओदोसियाच्या जिभेला हाड नाही असं सगळी मेरिदा म्हणते. सगळी म्हणजे निदान आमची गल्ली आणि कोपऱ्यावरची मक्याची गिरणी तरी म्हणते. पण या वेळेला तसं काही नाही.

गोष्ट सुरू झाली एका सोमवारी दुपारी. सुरू झाली म्हणजे, खरं तर थांबली. माझी झोळी हलायची थांबली. आमच्या खोलीत निजायच्या दोन सुती जाळीच्या झोळ्या आहेत, माझी आणि निकासियोची. डोक्याकडचं टोक दोघांचं एकाच कडीला, पायाकडची टोकं दोन भिंतींना. लग्न झालं त्या आठवड्यात त्यानंच त्या कड्या भिंतीत बसवल्या. तो निजला की उजव्या पायाच्या अंगठ्यानं भिंतीला हळूच रेटा द्यायचा. त्याची झोळी हलायची, कडी कुरकुरायची, आणि त्या कडीतून उरलासुरला हेलकावा माझ्या झोळीत यायचा. मी आयुष्यात कधी भिंतीला पाय लावला नाही. त्याच्या उष्ट्या झोक्यावर मी निजले. भिंतीला त्या जागी चुन्यात वाटीएवढा खळगा पडलाय, रंग देणाऱ्याला मी तो बुजवू दिला नाही. तर त्या सोमवारी, सोमवार म्हणजे काळ्या घेवड्यातलं डुकराचं मटण, जेवून आम्ही पडलो होतो. खिडक्या लावलेल्या, बाहेर ऊन असं की डांबराला चटके बसावेत, पंखा गरम हवा इकडची तिकडे करतोय. आणि मला जाग आली. कशानं आली ते कळेना. आवाज नव्हता म्हणून आली. अंगाखाली झोळी होती, पण जमिनीसारखी. पाठीला सुताच्या चौकटी रुतत होत्या, आणि मला वाटलं, मेला. मी डोळे उघडले नाहीत. मी बघत नाही तोवर तो मेलेला नाही, असा साधा हिशोब. तेवढ्यात मी काय काय विचार केला ते सांगायला लाज वाटते. त्याच्या पांढऱ्या सदऱ्याचं बटण तुटलंय, ते लावायला हवं, तोच घालावा लागणार. आणि त्याचा नाकातला केस, तो कुणी कापायचा. मग एक डोळा उघडला. म्हातारा आढ्याकडे बघत पडला होता.

“मेलास का?”

“नाही.”

“मग हलवत का नाहीस?”

“कशाला?” म्हणाला, आणि कूस वळला.

ते ‘कशाला’ दिवसभर माझा पिच्छा सोडेना. रात्री भांडी घासताना हातात होतं, साबणासारखं निसटत होतं. निकासियोनं सगळं आयुष्य घोडागाडी हाकली, चौकातनं निघायचं, मोठ्या झाडांच्या रस्त्यानं जायचं, परत चौकात. मागे नवरानवरी, नाहीतर उन्हानं लाल झालेले परदेशी. घोड्याचं नाव कानेलो, दालचिनीच्या रंगाचा. गुडघे दोघांचेही एकाच हंगामात गेले. कानेलो भाच्याच्या मळ्यावर गेला, तिथे सावलीत उभा राहून चरतो, चांगला जाड झालाय. निकासियो झोळीत आला. मला वाटलं, थकलाय, विसावा घेईल, उठेल. पण तो झोळीतून बघायला लागला. कशाकडे बघायचा ते मला दिसायचं नाही.

आणि खरी भीती तर पुढेच होती. शेजारची कांदिता बसायला आली होती. मी तिला कानेलोची गोष्ट सांगितली, पाम संडेला तो गाडीसकट चर्चमध्ये शिरला, वेदीपाशी गुडघे टेकले आणि पाद्रीबाबांनी त्याच्या जिभेवर प्रसाद ठेवला. ही गोष्ट मी शंभर जणांना सांगितली असेल. दर वेळी प्रसाद जिभेवर ठेवला की झोळीतून आवाज यायचा, “खोटं. आइस्क्रीमच्या दुकानात शिरला होता.” आणि ऐकणारा खदखदून हसायचा, मी चिडायचे, म्हणायचे, तू तेव्हा होतास का, आणि तो म्हणायचा, लगाम माझ्याच हातात होता बाई. ते सगळं मिळून ती गोष्ट होती. त्या दिवशी प्रसाद जिभेवर ठेवला आणि मी थांबले. कांदिताही सवयीनं झोळीकडे वळली. काही नाही. पंखा. कांदिता माझ्याकडे बघून म्हणाली, “अगबाई, खरंच का?” डोळे भरून आले तिचे. माझी लोणकढी थाप तिनं खरी म्हणून घेतली आणि घरी गेली, आणि मी खुर्चीत बसून राहिले, कुणाचं तरी पाकीट उचलल्यासारखी. तेव्हा मला समजलं की मी एवढी वर्षं बोलत होते ती याच्या ‘खोटं’च्या भरवशावर. सर्कसवाला दोरावर चालतो तो खाली जाळी आहे म्हणून. ‘खोटं’ म्हणणारा नसेल तर माझा शब्द खरा व्हायला लागणार, आणि मग जपून बोलावं लागणार, आणि जपून बोलणाऱ्या बायका मी पाहिल्यात. त्या लवकर मरतात.

म्हणून मी ठरवलं की समुद्रावर जायचं. आता एक समुद्र आम्हाला बसनं जवळ आहे, उन्हाळ्यात सगळं शहर तिथे जाऊन भिजतं. तो नव्हे. मला म्हणायचं होतं तो दुसरा, सूर्य उगवतो त्या बाजूचा, जिथे कड्यावर जुन्या लोकांची दगडी देवळं आहेत. मी तिथली. माझे वडील तिथल्या माडाच्या बागेत खोबरं वाळवायचे. नात लांदी आली होती, दाताच्या डॉक्टरकडे कामाला असते, ओल्या केसांनी आणि हातात फोन. तिला म्हटलं, “बघ गं एखादी जागा त्यात. तुझ्या आजोबांना समुद्र दाखवायचाय.”

“आज्जी, तिकडे आता काय राहिलंय? सगळीकडे हॉटेलं. लोक वाळूत डोक्यावर उभे राहतात आणि त्याला शांती म्हणतात.”

“आपण पायावर उभे राहू. तू बघ.”

मग रोज दुपारी लांदी जेवायला यायची आणि बेत चालायचे. ती फोनमधली चित्रं दाखवायची, मी त्यात भर घालायचे, आणि म्हातारा तिथेच झोळीत. लेकी बोले सुने लागे तसं माझं बोलणं लांदीशी आणि कान त्याच्याकडे. रोज थोडी मोठी थाप. पहिल्या दिवशी म्हटलं, त्या बागेत खेकडे एवढे होते की एका पावसाळ्यात त्यांनी आमचं घर उचललं आणि झोपेतच आम्हाला पाण्यापाशी नेऊन ठेवलं, सकाळी उठलो तर झोळीखाली लाटा. लांदीनं डोळे मोठे केले, मला डोळा मारला, कारण तिलाही ठाऊक होतं खेळ काय आहे. झोळीतून काही नाही. दुसऱ्या दिवशी जग्वार आणला. जग्वार जंगलातून आला, आईची रिकामी झोळी बघितली, आत शिरून निजला, आणि आई त्याला विंझणवारा घालत बसली, मी रांगत जाऊन त्याचं शेपूट चोखलं. लांदी म्हणाली, “चव कशी होती आज्जी?” “खारट,” मी म्हटलं, “समुद्राकाठचा होता ना.” दोघी हसलो. हसून झाल्यावर त्या खोलीत जे उरलं ते मला सोसवेना. निकासियोचा पाय झोळीबाहेर आला होता, भिंतीपासून वीतभर, आणि तो तसाच. मी त्या अंगठ्याकडे बघत बसले. नख पिवळं, जाड, घोड्याच्या खुरासारखं. या अंगठ्यानं मला झोपवलंय, मी मनात म्हटलं, आणि मी बाई याला उठवू शकत नाही.

पण बेत करता करता माझंच काहीतरी झालं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी थापा त्याच्यासाठी मारत होते आणि त्या थापांखालून खरं वर येत होतं, पाण्याखालून दगड दिसावा तसं. वडील दुपारी त्या देवळाच्या ओसरीत झोळी बांधायचे, तेव्हा कुंपण नव्हतं, तिकीट नव्हतं, फक्त घोरपडीएवढाले सरडे उन्हाला पडलेले. वडिलांच्या अंगाला खोबऱ्याचा खवट वास. दगडातून थंडावा यायचा, तो आधी मानेला लागायचा. आणि दाराच्या वर एक देव कोरलेला, डोकं खाली, पाय वर. मी विचारलं, बाबा, हा असा का? बाबा अर्धवट झोपेत म्हणाले, “झोळीतून पडला.” मी कितीतरी वर्षं ते खरं धरलं. देव पडतो, तोही दुपारचा, आणि पडताना त्याचा चेहरा काही घाबरलेला नाही. माझ्यात ही थापांची ओढ कुठून आली असं लोक विचारतात. तिथून आली. एका झोपाळू माणसानं पोरीला दिलेल्या एका उत्तरातून. हे मी लांदीला सांगितलं नाही. हे खरं होतं, याला कुणी खोटं म्हणायला नको होतं.

लांदीनं जागा पक्की केली. चित्रात सगळं होतं: पांढऱ्या भिंती, काचेचं दार, दारातून समुद्र, बाथरूममध्ये कुंडीत वेल. मी चष्मा लावून बघितलं, परत बघितलं, आणि म्हटलं, “झोपायचं कुठे?”

“हे काय आज्जी, पलंग.”

“ते दिसलं. कड्या कुठायत?”

झोळीतच वाढलेली पोर, पण तिच्या डोक्यातच आलं नाही. आमच्यात कुणाच्याच येत नाही. घर म्हणजे भिंतीत कड्या असायच्याच, जसं घराला दार असायचंच, कुणी विचारत नाही की तुमच्या घराला दार आहे ना. तिनं लगेच फोन लावला आणि आवाज मोठा केला. निकासियो तेव्हा आंघोळीला गेला होता.

“खोलीत कड्या किती आहेत?” मी विचारलं.

“कसल्या कड्या, मॅडम?” मुलगी गोड होती, बोलण्यावरून लांबची, उत्तरेकडची.

“झोळीच्या. भिंतीतल्या.”

“मॅडम, खोलीत दोन मोठे पलंग आहेत.”

“पलंग माझ्याकडेही आहे, बाळा. इस्त्रीचे कपडे ठेवायला. माणसं कुठे झोपतात?”

तिकडे जरा वेळ कुजबुज झाली. मग ती म्हणाली, बिचारी खरंच दिलगीर होती, “कड्या नाहीत मॅडम. भिंतीत काही ठोकायची परवानगी पण नाही. पण गाद्या फार छान आहेत.”

फोन ठेवला तर लांदी रडवेली. पलंगावर म्हातारा झोपणार नाही हे आम्हा दोघींना माहीत होतं. एकदा हॉस्पिटलात त्याला पलंगावर ठेवलं होतं, सगळी रात्र दांडा धरून बसला, म्हणाला, हे हलत नाही, हे मेलेल्यांचं आहे. म्हणजे बेत संपला. माडाची बाग संपली, समुद्र संपला. आता तो आढ्याकडे बघत राहणार आणि मी जपून बोलायला शिकणार. मी चुलीपाशी उभी होते, भोपळ्याच्या बिया भाजत होते. बाथरूमचं दार वाजलं, पायांचा ओला आवाज आला, आणि कुणास ठाऊक काय झालं, मी लांदीकडे तोंड करून मोठ्यानं म्हटलं, “आहेत म्हणे गं कड्या. पितळेच्या. चकचकीत. चार चार, प्रत्येक भिंतीला. घोडा टांगला तरी निघणार नाही म्हणाली.”

ओल्या पावलांचा आवाज थांबला.

“खोटं,” म्हातारा म्हणाला.

मी वळले नाही. बिया तडतडत होत्या, एक उडून माझ्या मनगटाला चिकटली, भाजली, मी झटकली नाही. मला वाटलं, हललं तर हे मोडेल.

“हॉटेलात कड्या नसतात,” तो म्हणाला. टॉवेल गुंडाळून दारात उभा, छातीवरचे पांढरे केस चिकटलेले, पाणी फरशीवर. “आणि कडीच्या बाबतीत खोटं बोलू नये, तेओ. बाकी कशाचंही बोल. कडीचं नको. माणूस पडतो.”

“पितळेची आहे म्हणाली,” मी म्हटलं.

“पितळ मऊ असतं. पितळेला कोण झोळी बांधतो? तू निजणार त्यात, तुझं वजन किती आणि बोलतेस काय.” आणि मग त्याला थांबवता येईना. “आणि तो जग्वार खोटा. जग्वार झोळीत मावतो होय? पंजे जाळीतून खाली आले असते. आणि खेकडे घर उचलत नाहीत. उचललंच असतं तर आडवं नेलं असतं, खेकडा सरळ कधी चाललाय? घर निघालं असतं शेजारच्या गावाला. आणि कानेलो,” इथे त्याला धाप लागली, टॉवेल सुटायला आला, लांदीनं तोंड फिरवलं, खांदे हलत होते तिचे, “कानेलो आइस्क्रीमच्या दुकानात शिरला होता. नारळाचं खाल्लं. कांदिता तीन दिवस चर्चमध्ये मेणबत्ती लावतेय त्या घोड्याच्या नावानं, लाज वाटत नाही तुला?”

म्हणजे सगळं ऐकत होता. एकूण एक साठवून ठेवलं होतं हरामखोरानं. बिया जळल्या. त्या दिवशी आम्ही जळक्या बियांची चटणी खाल्ली आणि वाटीसुद्धा बोटानं पुसून चाटली, इतकी छान लागली.

त्यानंतर बेत माझ्या हातात राहिला नाही. तोच लांदीच्या मागे. ते काचेचं हॉटेल रद्द कर, झावळ्यांच्या छपराची झोपडी बघ, खांबांची. लांदीनं शोधली. फोन त्यानं स्वतः कानाला लावला, उलटा. लांदीनं सरळ करून दिला. पलीकडे कुणीतरी आमच्यापैकीच बाई होती.

“खांब कशाचे?” त्यानं विचारलं. “पाइन असेल तर नको. चिकूचं लाकूड आहे का?” ऐकत राहिला. मान डोलवली. आम्हाला म्हणाला, “चिकूचं आहे म्हणते. बापानं तोडलेलं.” आणि मग मला, शिकवल्यासारखं, “त्या तुझ्या देवळांना दारावर कसली तुळई आहे? चिकूची. दगड पडले, तुळई नाही पडली.” मला माहीत नव्हतं का? मी त्या तुळईखाली निजलेली. पण मी म्हटलं, “हो का?” आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी माहीत असून गप्प बसले, आणि तेही बरं वाटलं. काठी टेकत तो बाजारात गेला, घायपाताचा नवा दोर आणला, त्याला मेण चोळलं, फरशीवर बसून गाठी मारल्या आणि सोडल्या. घोड्याच्या सामानाची गाठ आणि झोळीची गाठ यातला फरक लांदीला समजावला, तिला नको असताना. पोहायचे कपडे म्हणून त्यानं भाच्याची जुनी फुटबॉलची चड्डी मागवली. ती घालून आरशात बघितलं आणि म्हणाला, “गोऱ्या बायका मागे लागतील.” मी म्हटलं, “मागे लागल्या तर सांग, मला गुडघे नाहीत.” त्या दुपारी कडीची कुरकुर पुन्हा सुरू झाली. मी जागी राहून ऐकत पडले, झोपले नाही. एवढी चैन मी कधी केली नव्हती.

आणि आम्ही गेलो. बसमध्ये तो खिडकीशी बसला आणि ड्रायव्हर कसा वाईट चालवतो ते सांगत राहिला. झोपडीत शिरल्या शिरल्या त्यानं प्रत्येक खांब बोटाच्या पेरानं वाजवला, एकाचा वासही घेतला. सकाळी देवळापाशी गेलो. आता दोर बांधलाय, जवळ जाऊ देत नाहीत, बाहेरून बघायचं. सरडे मात्र तेच, तिकीट न काढलेले. दारावर तो देव तसाच, डोकं खाली पाय वर, झिजलेला. मी म्हाताऱ्याला अखेर सांगितलं, बाबा म्हणायचे, झोळीतून पडला. मी ते अगदी हळू सांगितलं, आणि माझं मन आकसलं, कारण हे मी खेळायला दिलं नव्हतं कधी. निकासियो खूप वेळ बघत राहिला. डोळ्यांवर हात धरून, मान वाकडी करून, शेवटी स्वतः जवळजवळ उलटा होऊन.

“खोटं,” म्हणाला. “हा पडलेला नाही. पडणारा माणूस हात असे जोडत नाही. हा सूर मारतोय.”

मी बाबांच्या बाजूनं भांडायला तोंड उघडलं, आणि भांडले नाही. सूर मारतोय. माझ्या पोटात साठ-सत्तर वर्षं पडत राहिलेला तो देव एकदम पोहायला लागला. आम्ही कड्यावरून खाली उतरलो, मी त्याचा दंड धरला, त्यानं माझा, कोण कुणाला सावरत होतं ते सांगता यायचं नाही. खाली समुद्र निळा, असा निळा की डोळ्यांत साखर पडल्यासारखं व्हावं, तळाची वाळू मोजून घ्यावी एवढा स्वच्छ. म्हातारा फुटबॉलची चड्डी घालून सरळ आत गेला, पाठीवर आडवा झाला, आणि पाण्यानं त्याला धरलं. गुडघे तरंगले, पोट तरंगलं. मी शेजारी, झग्यासकट. लाट आली की आधी तो वर जायचा, मग मी.

आता हे सगळं मी लांदीला लिहून घ्यायला सांगतेय आणि शेजारच्या झोळीतून आवाज आला. म्हणतो, क्रुसाची शपथ घेतलीस आणि समुद्र निळा? बरं. निळा नव्हता. हे एवढं मी रचलं. काठावर गुडघाभर तपकिरी शेवाळ कुजत पडलं होतं, पाणी चहासारखं, आणि वास असा की सडलेली अंडी बरी. लोक नाकाला रुमाल लावून परत फिरत होते. आम्ही त्यातूनच गेलो, पाय पचपच रुतत होते, म्हातारा शिव्या घालत पुढे, मी त्याच्या चड्डीची नाडी धरून मागे, आणि पाण्यात पोचलो तेव्हा त्याच्या डोक्यावर शेवाळाचा टोप होता. म्हणतो, माझ्या नव्हे, तुझ्या डोक्यावर होता. ते मात्र तो खोटं बोलतोय.